कार्बोरेटरची जुनी गाडी आणि पीयूसीचे आकडे : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात एक आढावा

प्रश्नाची व्याप्ती

पेट्रोलवर चालणारी, कार्बोरेटर असलेली आणि पंचवीस-तीस वर्षे वापरात राहिलेली चारचाकी पीयूसी चाचणीत, म्हणजे वाहनाचे प्रदूषण नियंत्रणात आहे की नाही हे ठरवणाऱ्या तपासणीत, नापास झाली, तर दोष कुठे आणि कोणत्या क्रमाने शोधावा, या प्रश्नावर मिस्त्री, परिवहन खाते, पर्यावरणाचे अभ्यासक आणि वाहनमालक यांची उत्तरे एकसारखी नाहीत. वरवर पाहता हा प्रश्न दुरुस्तीचा असला, तरी इंधनाचे बदललेले स्वरूप, चाचणीच्या मर्यादा आणि जुन्या वाहनाला रस्त्यावर किती काळ राहू द्यावे याविषयीचे धोरण हे तीन धागे त्यात गुंतलेले असून, त्यांतील एक बाजूला ठेवून दुसऱ्याचा विचार करता येत नाही.

अमेरिकेत ही चर्चा बरीचशी पेट्रोलच्या जुन्या पिकअप ट्रकभोवती झाली, कारण तेथे हलक्या मालवाहू गाड्यांत कार्बोरेटर मोटारींपेक्षा अधिक काळ टिकला आणि १९९४ सालची इसुझूची पिकअप ही तेथे विकली गेलेली कार्बोरेटरची अखेरची गाडी मानली जाते. एमएच-२८ ही नोंदणी असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात मात्र मालवाहू पिकअप म्हटली की ती बहुधा डिझेलची असते, कारण १९८६ मध्ये आलेली टाटा ४०७, त्यानंतरची टाटा २०७ आणि पुढे महिंद्राच्या पिकअप गाड्या डिझेल इंजिनावरच लोकप्रिय झाल्या. कार्बोरेटरचा प्रश्न येथे उरतो तो मागे हौदा बसवलेल्या जुन्या पेट्रोल जीपांपुरता, मागची सीट काढून माल वाहणाऱ्या मारुती ओम्नीपुरता, आणि मारुती ८००, जिप्सी, प्रीमियर पद्मिनी व ॲम्बेसेडर यांच्या इंधन-इंजेक्शनपूर्व पिढीपुरता. जीपांपैकी अनेकींत पुढे डिझेल इंजिन बसवून घेतले गेले, तर ओम्नी आणि मारुती ८०० या गाड्या मिकुनी धाटणीच्या कार्बोरेटरसह तालुक्याच्या गावी अजूनही चालताना दिसतात. या आढाव्यात ‘जुनी गाडी’ हा शब्द याच गटासाठी वापरला आहे.

नियमांची पार्श्वभूमी

भारतात वाहनांच्या धुरावरील देशव्यापी मर्यादा १९९१ पासून लागू झाल्या. नव्या पेट्रोल मोटारीने दर किलोमीटरला किती कार्बन मोनॉक्साइड सोडावा, याची तेव्हाची मर्यादा गाडीच्या वजनानुसार १४.३ ते २७.१ ग्रॅम होती. १९९६ मध्ये ती ८.६८ ते १२.४ ग्रॅमवर आणि २००० मध्ये लहान मोटारीसाठी २.७२ ग्रॅमवर आली. २००० च्या मर्यादेत साध्या कार्बोरेटरने बसणे जवळपास अशक्य झाल्यामुळे त्या सुमारास बहुतेक उत्पादकांनी संगणकनियंत्रित इंधन-इंजेक्शन, म्हणजे बोलीभाषेतील एमपीएफआय, स्वीकारले. याचा अर्थ असा, की आज रस्त्यावर असलेली कार्बोरेटरची चारचाकी तिच्या जन्माच्या वेळच्या नियमांनुसारही आजच्या गाडीपेक्षा कितीतरी अधिक कार्बन मोनॉक्साइड सोडण्यास मोकळी होती.

वापरातील गाड्यांसाठी वेगळा मार्ग ठरला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ नुसार नोंदणीला एक वर्ष झाल्यानंतर पीयूसी प्रमाणपत्र आवश्यक ठरते, आणि जुन्या गाड्यांसाठी त्याची मुदत सहा महिने असते. ऑक्टोबर २००४ पासून भारत स्टेज-२, म्हणजे धुराच्या मर्यादांच्या दुसऱ्या टप्प्यापूर्वीच्या पेट्रोल चारचाकीला, गाडी एका जागी उभी राहून मंद गतीने सुरू असताना, कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा आकारमानाने ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १५०० भाग, अशी ठरली. स्टेज-२ आणि तिच्या पुढच्या गाड्यांना याच मर्यादा ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम अशा लागू झाल्या, तर स्टेज-४ पासून त्या आणखी कडक करण्यात आल्या. कार्बोरेटरच्या जवळपास सर्व गाड्या पहिल्या, सैल गटात मोडतात. म्हणून एवढी सवलत असूनही जी गाडी नापास होते, तिच्या इंजिनात खरोखरच काही बिघाड आहे, असे गृहीत धरूनच पुढे गेले पाहिजे.

आकड्यांचा अर्थ

पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवा याहून कमी पडली, तर कार्बनला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही आणि कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या स्थितीला मिस्त्री ‘मिक्श्चर जाड झाले’ किंवा ‘गाडी रिच चालते’ असे म्हणतात. हायड्रोकार्बन म्हणजे न जळलेले पेट्रोल किंवा तेल. ते ठिणगी चुकल्यामुळे, झडप नीट न बसल्यामुळे, रिंग झिजल्यामुळे किंवा मिश्रण इतके पातळ झाल्यामुळे की ज्योत पसरतच नाही, अशा अनेक कारणांनी बाहेर पडते. म्हणून दोन्ही आकडे एकत्र वाचावे लागतात. कार्बन मोनॉक्साइड जास्त आणि हायड्रोकार्बन ठीक असेल, तर दोष बहुधा मिश्रणाचा असतो. कार्बन मोनॉक्साइड कमी आणि हायड्रोकार्बन जास्त असेल, तर गाडी ‘मिस मारते’ आहे किंवा मिश्रण फार पातळ आहे. दोन्ही जास्त असतील, तर जाड मिश्रण आणि कमकुवत ठिणगी एकत्र नांदत असण्याचा संभव मोठा.

डोळ्याला दिसणारा धूर या बाबतीत अर्धाच मार्गदर्शक ठरतो. काळा धूर जादा पेट्रोलाचा, निळसर धूर जळणाऱ्या तेलाचा आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर बहुधा सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या पाण्याचा असतो; पण कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही, त्यामुळे ‘धूर दिसत नाही, म्हणजे गाडी पास होईल’ ही सर्वत्र ऐकू येणारी समजूत चुकीची आहे. बंद गॅरेजमध्ये अशी गाडी चालू ठेवून काम करणाऱ्या मिस्त्रीच्या जिवालाच त्यापासून धोका असतो, ही गोष्ट पीयूसीच्या चर्चेत फारच क्वचित येते.

दोष शोधण्याचा क्रम : दोन विचारपद्धती

दुरुस्ती कुठून सुरू करावी याबाबत दोन पद्धती रूढ आहेत. पहिली पद्धत कार्बोरेटरपासून सुरू होते. मिस्त्री कार्बोरेटर उतरवतो, जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक छिद्रे हवा मारून साफ करतो, आणि मंद गतीचे मिश्रण ठरवणारा स्क्रू आत घेऊन मिश्रण पातळ करतो. या पद्धतीच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे: कार्बन मोनॉक्साइड हा थेट मिश्रणाचा परिणाम असतो, काम तास-दीड तासात होते, खर्च थोडा येतो आणि गाडी पुष्कळदा लगेच पास होते. जुन्या गाडीच्या मालकाला सहा महिन्यांतून एकदा हा खर्च करावा लागतो, हे लक्षात घेता त्याचा या पद्धतीकडे असलेला कल समजण्यासारखा आहे.

दुसरी पद्धत कार्बोरेटरला सर्वांत शेवटी हात लावते. तिचा आधार असा, की मिश्रणाचा स्क्रू हा इंजिनातील इतर सर्व गोष्टी जागेवर असताना करायचा अखेरचा बारीक बदल आहे. पॉइंट, म्हणजे ठिणगीचा विद्युतप्रवाह तोडणारे संपर्कबिंदू, यांच्यातील अंतर बिघडलेले असताना किंवा टॅपेट, म्हणजे झडपांच्या दांड्यांतील मोकळीक, चुकलेली असताना तो फिरवला, तर मूळ दोष झाकला जातो आणि दोन महिन्यांनी हायड्रोकार्बनच्या रूपाने परत येतो. या पद्धतीत आधी इंजिन पूर्ण तापवले जाते, एअर फिल्टर उघडून पाहिला जातो आणि चोकची झडप तापल्यावर खरोखर पूर्ण उघडते की नाही हे डोळ्यांनी तपासले जाते, कारण अर्धवट उघडलेला चोक हे जाड मिश्रणाचे सर्वांत साधे आणि सर्वांत वारंवार नजरेतून सुटणारे कारण आहे. त्यानंतर ठिणगीची बाजू येते: प्लगचा रंग, प्लगच्या तारा, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतील तडे, पॉइंटचे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले अंतर, जे बहुतेक गाड्यांत ०.४ ते ०.५ मिलिमीटरच्या आसपास असते, आणि शेवटी टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ. पॉइंट घासत गेले की अंतर बदलते, अंतर बदलले की टायमिंगही सरकते, म्हणून ही दोन कामे याच क्रमाने करावी लागतात. उलट क्रमाने केलेले टायमिंग पुन्हा चुकते.

पुढचा टप्पा हवेच्या चोरवाटांचा. कार्बोरेटरच्या खालच्या गॅस्केटमधून, इनटेक मॅनिफोल्डच्या जोडातून किंवा ब्रेक बूस्टरकडे जाणाऱ्या नळीतून मोजमापाबाहेरची हवा आत शिरली, तर एखाद्या सिलिंडरचे मिश्रण इतके पातळ होते की तो जळण चुकवतो. तेथे मिस्त्री स्क्रू बाहेर काढून मिश्रण जाड करतो आणि गळती मात्र तशीच राहते. अशा गाडीत हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड हे दोन्ही आकडे वर जातात आणि नेमके कारण सांगणे अवघड होते. टॅपेट आणि कॉम्प्रेशन यांची तपासणीही याच टप्प्यात होते. त्याला एक ऐतिहासिक कारणही आहे: १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, आणि शिशाच्या थरावर विसंबून बनवलेल्या जुन्या इंजिनांच्या मऊ व्हॉल्व्ह सीट त्यानंतर हळूहळू खचू लागल्या. सीट खचली की टॅपेटची मोकळीक कमी होते, झडप पूर्ण मिटत नाही, आणि न जळलेले पेट्रोल थेट सायलेन्सरमध्ये उतरते. जुन्या जीपांच्या आणि ॲम्बेसेडरच्या पहिल्या पिढ्यांच्या बाबतीत ही शक्यता तपासल्याशिवाय कार्बोरेटर बदलण्याचा खर्च करणे शहाणपणाचे नाही.

कार्बोरेटरचा क्रम यानंतर येतो, आणि तेथेही स्क्रू शेवटी असतो. फ्लोट, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीतील पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग, आणि त्याची सुई ही पहिली जागा. सुई झिजली की पातळी चढते आणि प्रत्येक छिद्रातून गरजेपेक्षा जास्त पेट्रोल ओढले जाते. जेटच्या बाबतीत एक सवय विशेष नुकसान करते: छिद्र तारेने साफ केले, तर मऊ पितळ घासून ते मोठे होते, आणि तो जेट पुन्हा कधीही ठरलेल्या मापाचे पेट्रोल सोडत नाही. मिश्रणाचा स्क्रू पूर्ण आत घेतल्यावरही इंजिन बंद पडत नसेल, तर मंद गतीचे पेट्रोल दुसऱ्याच वाटेने येत आहे, हे त्यातून ओळखावे. बहुधा थ्रॉटलची झडप जास्त उघडी ठेवलेली असते किंवा फ्लोटची पातळी चढलेली असते.

सर्वांत फसवे कारण इंजिनाच्या तळाशी असते. यांत्रिक पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम फाटला, तर पेट्रोल थेट तेलात मिसळते, आणि तेलाची वाफ परत इनटेकमध्ये नेणाऱ्या नळीतून ते पुन्हा सिलिंडरमध्ये पोचते. अशा गाडीचा कार्बोरेटर निर्दोष असूनही कार्बन मोनॉक्साइड खाली येत नाही. ती नळी क्षणभर काढून ठेवल्यावर आकडा झपाट्याने उतरला, तर पंप दुरुस्त करून तेल बदलणे एवढाच उपाय उरतो. डिपस्टिकवर तेल नेहमीपेक्षा वर चढलेले आणि पेट्रोलचा वास येणारे दिसले, तर यंत्र नसतानाही हा दोष ओळखता येतो.

या दोन पद्धतींपैकी दुसरी यंत्रशास्त्राच्या दृष्टीने अधिक भक्कम आहे, यात फारसा वाद नाही. वाद आहे तो खर्चाचा. पूर्ण ट्यूनिंग, नवे प्लग-पॉइंट, गॅस्केट आणि कार्बोरेटरचे किट यांचा एकत्र खर्च काही गाड्यांच्या बाबतीत गाडीच्या विक्रीमूल्याच्या लक्षणीय भागाएवढा होतो, आणि चांगल्या दर्जाचे किट तालुक्याच्या बाजारात नेहमी मिळत नाही. पहिल्या पद्धतीला दोष देताना ही अडचण विसरता येणार नाही. तिच्यात एक आडवाटही रूढ झाली आहे: टायमिंग मागे घेऊन हायड्रोकार्बनचा आकडा तात्पुरता खाली आणणे. तसे केल्याने धूर सायलेन्सरमध्ये जास्त तापतो आणि काही हायड्रोकार्बन तेथेच जळते, पण इंजिन गरम चालते आणि पेट्रोल जास्त लागते. चाचणीपुरते हे करून नंतर टायमिंग पूर्ववत करणे म्हणजे प्रमाणपत्रातील मजकूर खोटा ठरवणे होय.

घाट, ऊन आणि धूळ

कार्बोरेटरला हवेची घनता मोजता येत नाही. तो फक्त हवेच्या वेगाला प्रतिसाद देतो. म्हणून हवा विरळ झाली की मिश्रण आपोआप जाड होते. अजिंठा डोंगररांगेच्या माथ्यावरील बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटरवर असून पूर्णेच्या खोऱ्यातील मलकापूर, नांदुरा हा भाग त्याहून साधारण चारशे मीटर खाली आहे. राजूर घाटाने किंवा बोथा घाटाने वर येताना हवेची घनता सुमारे चार टक्क्यांनी घटते आणि कागदावरच्या हिशेबाने मिश्रण दोन टक्क्यांच्या आसपास जाड होते. फरक लहान दिसतो, पण मलकापुरात अडीच टक्क्यांच्या वर कार्बन मोनॉक्साइड दाखवणारी काठावरची गाडी बुलढाण्यात तीन टक्क्यांची रेषा ओलांडू शकते.

उन्हाळा याहून मोठा परिणाम करतो. हिवाळ्यातील १५ अंशांच्या सकाळी आणि मे महिन्यातील ४५ अंशांच्या दुपारी हवेच्या घनतेत नऊ-दहा टक्क्यांचा फरक पडतो. पेट्रोलही तापून थोडे विरळ होत असल्याने त्यातला काही भाग भरून निघाला, तरी मिश्रण तीन-चार टक्क्यांनी जाड होतेच. त्याशिवाय इंजिन बंद केल्यावर तापलेल्या कार्बोरेटरच्या वाटीतील पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये उतरते, आणि अशा वेळी लगेच घेतलेले मापन अवास्तव जास्त येते. गाडी काही किलोमीटर चालवून, मग थेट चाचणीला उभी करणे हाच यावरचा साधा उपाय. शेतरस्त्यांची धूळ आणि खामगावसारख्या कापसाच्या बाजारपेठेत जिनिंगच्या परिसरात हवेत उडणारे तंतू एअर फिल्टर लवकर कोंदतात, त्यामुळे पुस्तिकेत दिलेले फिल्टर बदलण्याचे अंतर येथे जसेच्या तसे पाळून भागत नाही. या तीन स्थानिक कारणांचा विचार न करता एकाच मापनावरून कार्बोरेटरला दोषी धरणे अन्यायाचे ठरते.

इथेनॉलचा वाद

गेल्या काही वर्षांत या प्रश्नाला नवे वळण दिले ते इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने. दहा टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट देशाने २०२२ मध्ये गाठले, २०२३ च्या फेब्रुवारीत वीस टक्के मिश्रणाची, म्हणजे ई-२० ची, विक्री सुरू झाली आणि २०२५ पर्यंत ती देशभर पोचली. इथेनॉलच्या रेणूत वजनाने सुमारे ३५ टक्के ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच जेटमधून तेवढेच इंधन गेले, तरी ई-२० मुळे मिश्रण शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सात-आठ टक्क्यांनी पातळ होते. इंजेक्शनच्या गाडीत संवेदक हा फरक ओळखून इंधन वाढवतो. कार्बोरेटर तसे करू शकत नाही.

समर्थकांची बाजू अशी, की याचा परिणाम धुराच्या दृष्टीने चांगलाच आहे. निती आयोगाने जून २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इथेनॉल मिश्रणाच्या आराखड्यात ई-२० मुळे चारचाकींतील कार्बन मोनॉक्साइड सुमारे ३० टक्क्यांनी आणि हायड्रोकार्बन सुमारे २० टक्क्यांनी घटल्याचे नमूद आहे, तर नायट्रोजनच्या ऑक्साइडबाबत स्पष्ट कल आढळला नाही. त्याच आराखड्यात शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींची इंधनक्षमता सहा ते सात टक्क्यांनी घटण्याचा अंदाजही दिलेला आहे. टीकाकारांचा भर दोन गोष्टींवर आहे: जुन्या कार्बोरेटरमधील रबरी डायफ्रॅम, सुईचे टोक आणि नळ्या इथेनॉलला टिकतील अशा बनवलेल्या नाहीत, आणि हवेतील ओलावा शोषून टाकीत पाणी व इथेनॉल वेगळे झाले, तर महिनोन्महिने उभी राहणारी गाडी सुरूच होत नाही. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये इंधनक्षमतेतील घट मर्यादित असल्याचे सांगतानाच, जुन्या गाड्यांतील काही रबरी भाग ठरावीक अंतरानंतर बदलावे लागतील, हे मान्य केले.

दोन्ही बाजूंची विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, आणि दोष शोधणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे ते हेच. जाड मिश्रणावर चाललेली गाडी ई-२० वर अचानक पास होऊ शकते आणि तिचा मूळ दोष झाकला जातो. आधीच पातळ चाललेली गाडी मात्र मिस मारू लागते आणि तिचा हायड्रोकार्बन वाढतो. अशा गाडीत स्क्रू थोडा बाहेर काढणे, म्हणजे मिश्रण जाड करणे, हाच योग्य उपाय असतो, जो पीयूसीच्या भीतीने कोणी सहसा करत नाही.

दुरुस्ती की निवृत्ती

जुनी गाडी दुरुस्त करावी की रस्त्यावरून काढावी, हा धोरणाचा प्रश्न महाराष्ट्रात मुंबईपासून सुरू झाला. स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरमच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने नेमलेल्या व्ही. एम. लाल समितीने २००० मध्ये जुन्या व्यावसायिक गाड्या टप्प्याटप्प्याने काढण्याची आणि सीएनजीकडे वळण्याची दिशा दिली. मुंबईतील पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांच्या वयोमर्यादेनुसार ऑक्टोबर २०२३ मध्ये संपल्या. दुसरीकडे, रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील वाहन इंधन धोरण समितीने २००२ च्या अहवालात वापरातील गाड्यांच्या तपासणी आणि देखभालीची व्यवस्था बळकट करण्यावर भर दिला होता. राज्यात खासगी गाडीवर सरसकट वयोबंदी नाही. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण, तंदुरुस्तीची तपासणी आणि पर्यावरण कर असा मार्ग आहे.

निवृत्तीच्या बाजूचा सर्वांत मजबूत मुद्दा डेन्व्हर विद्यापीठातील डोनाल्ड स्टेडमन आणि गॅरी बिशप यांच्या कामातून येतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून रस्त्याकडेला किरण सोडून धावत्या गाडीचा धूर मोजणाऱ्या त्यांच्या यंत्राने दाखवले, की साधारण एक दशांश गाड्या एकूण कार्बन मोनॉक्साइडचा निम्मा भाग सोडतात. पण त्याच निष्कर्षाचा दुसरा अर्थ दुरुस्तीच्या बाजूने जातो, कारण त्या दशांशात जुन्या गाड्या जास्त असल्या, तरी खरा निकष वय नसून बिघाड हाच होता. नीट राखलेली जुनी गाडी त्यात नसे आणि बिघडलेली तुलनेने नवी गाडी असे. वर्षाला मोजकेच किलोमीटर चालणाऱ्या गाडीवर वयाचा निकष लावणे आणि रोज ऐंशी किलोमीटर चालणाऱ्या बिघडलेल्या गाडीला वयामुळे सूट देणे हवेच्या दृष्टीने उलट फळ देते.

तिसरा पर्याय इंधन बदलण्याचा आहे. मान्यताप्राप्त एलपीजी किंवा सीएनजी किट नोंदणी पुस्तकात नोंदवून बसवणे कायदेशीर आहे आणि त्याने कार्बन मोनॉक्साइड निश्चित घटतो, परंतु झिजलेल्या इंजिनात किट बसवून हायड्रोकार्बनचा प्रश्न सुटत नाही. घरगुती सिलिंडर गाडीत वापरणे हा गुन्हा आहे, आणि त्यातील स्फोटाचा धोका पाहता या पर्यायाची चर्चा करताना हे प्रत्येक वेळी सांगितलेच पाहिजे.

न सुटलेले मुद्दे

पहिला मुद्दा चाचणीच्या स्वरूपाचा. उभ्या गाडीच्या मंद गतीतील मापनात मुख्य जेट, ॲक्सिलरेटर पंप आणि भार घेतानाचे मिश्रण यांची परीक्षाच होत नाही, नायट्रोजनचे ऑक्साइड मोजले जात नाहीत, आणि टाकी व वाटीतून उडून जाणारे पेट्रोल हिशेबात येत नाही. घाट चढताना काळा धूर सोडणारी गाडी त्यामुळे सपाटीवर पास होऊ शकते. भाराखाली चाचणी घेणारी यंत्रणा महाग आहे, आणि मोजक्याच जुन्या पेट्रोल गाड्यांसाठी ती प्रत्येक तालुक्यात उभारणे परवडेल का, यावर मतभेद आहेत. स्वयंचलित चाचणी केंद्रांचे जाळे हे त्याचे उत्तर असल्याचे एक बाजू मानते; अशा केंद्रापर्यंतचे अंतर छोट्या वाहनमालकाला परवडत नाही, असे दुसरी बाजू म्हणते.

दुसरा मुद्दा मापनाच्या विश्वासार्हतेचा. सायलेन्सरला छिद्र असेल किंवा नमुन्याची नळी पुरेशी आत घातली नसेल, तर बाहेरची हवा मिसळून दोन्ही आकडे खोटे कमी येतात. यंत्राचे अंशांकन, म्हणजे ज्ञात वायूने केलेली फेरतपासणी, वेळेवर झाले नसेल, तरीही आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही. तिसरा मुद्दा प्रादेशिक आहे. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात बुलढाण्याला लागून असलेल्या जिल्ह्यांची मुख्य शहरे अकोला, जळगाव आणि जालना ही आहेत, पण बुलढाणा जिल्ह्यातील एकही शहर नाही; त्यामुळे वाहनांच्या धुराकडे येथे शासकीय लक्ष बहुतांशी पीयूसीपुरतेच राहिले आहे.

या सर्व मुद्द्यांवर निर्णय होण्याची वाट न पाहता एक गोष्ट आजच करता येण्यासारखी आहे. जून २०२१ पासून देशभर एकसमान झालेल्या पीयूसी व्यवस्थेत नापास गाडीच्या मालकाला नकाराची पावती मिळण्याची तरतूद असून ती दुरुस्तीसाठी दाखवता येते. बहुतेक गाड्या मात्र गॅरेजमध्ये ‘पास करून द्या’ एवढ्या सूचनेसह पोचतात आणि मिस्त्रीला आकडे न पाहता स्क्रू फिरवावा लागतो. जुन्या गाडीच्या मालकांनी कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचे दोन्ही आकडे, चाचणीचे गाव आणि महिना यांसह प्रत्येक वेळी वहीत उतरवून ठेवावेत व दुरुस्तीआधी मिस्त्रीला दाखवावेत, आणि चाचणी केंद्रांनी दुरुस्तीच्या आधीचे व नंतरचे मापन विनातक्रार करून द्यावे.